आधी गान, मग शास्त्र
सरलगानाच्या आद्य मुद्रित लॅटिन पाठ्यपुस्तकांचे एक परीक्षण

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसिद्ध केलेल्या उपासनाविषयक संविधानात पवित्र संगीताला एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे. त्यातील तीन कलमे एकत्र वाचावीत असे आम्हांस वाटते. कलम ११५ सेमिनरींत संगीताच्या शिक्षणाला मोठे महत्त्व देण्यास सांगते. कलम ११६ ग्रेगरीय गायन हे रोमन उपासनेचे स्वतःचे गायन असल्याचे सांगून, इतर गोष्टी समान असता, त्याला अग्रस्थान देते. कलम ११९ मिशनप्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य तो मान व उपासनेत योग्य ते स्थान देण्याचा आदेश देते. पहिल्या कलमाने शिकविण्याची जबाबदारी टाकली. पण काय शिकवावे या बाबतीत पुढील दोन कलमे आपल्याला दोन दिशांना बोलावतात. मराठी भाषक सेमिनरियन या दोहोंच्या मध्ये उभा आहे, आणि बहुधा त्याला यांपैकी एकही दिशा नीट दाखविली जात नाही.

हा पेच नवा नाही. गायन ग्रंथात कसे बांधावे व ग्रंथातून ते पुन्हा गळ्यात कसे उतरवावे, हा प्रश्न मुद्रणकलेच्या उदयकाळी युरोपातील ख्रिस्तसभेपुढे उभा राहिला होता. त्याला उत्तर म्हणून पंधराव्या शतकाच्या अखेरीस व सोळाव्याच्या आरंभी लॅटिन भाषेत छोटी-मोठी पाठ्यपुस्तके छापली गेली. त्यांचा विषय ‘कांतुस प्लानुस’, म्हणजे एकाच ओळीचे, तालाच्या ठरीव मात्रांनी न बांधलेले गायन. त्यास आम्ही येथे सरलगान म्हणतो. या पुस्तकांनी काय साधले, त्यांच्या हातून काय निसटले आणि आपल्या प्रदेशातील ख्रिस्ती गायनाला त्यांपासून कोणता बोध घेता येईल, एवढ्याच मर्यादेत हे परीक्षण आहे.

पुस्तके व त्यांचे स्वरूप

स्वरलिपीसह छापलेले आज ज्ञात असलेले सर्वांत जुने पुस्तक म्हणजे कॉन्स्टन्स धर्मप्रांताचे ग्रादुआले. ते सुमारे १४७३ चे. उपासनेची पुस्तके छापली जाऊ लागताच ती वाचण्यास शिकविणाऱ्या पुस्तकांची गरज भासणे स्वाभाविक होते. १४८८ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे योहान प्र्यूस या मुद्रकाने ‘फ्लोरेस मुसिचे ऑम्निस कांतुस ग्रेगोरियानी’ हे पुस्तक छापले. शीर्षकाचा अर्थ ‘समस्त ग्रेगरीय गायनाच्या संगीताची फुले’. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की हे पुस्तक त्या वेळी दीडशे वर्षांचे जुने होते. रॉइटलिंगेन येथील धर्मगुरू हुगो श्पेख्ट्सहार्ट यांनी ते १३३२ मध्ये रचले व १३४२ मध्ये सुधारले. सहाशेंहून अधिक षट्पदी लॅटिन ओळी आणि त्यांवर गद्य टीका, अशी त्याची रचना. स्वरमालिका व स्वरनामे, एकतंत्री वाद्य, स्वरांतरे आणि शेवटी आठ स्वराकृती, असा त्याचा क्रम आहे.

१४९६ मध्ये बाझेल येथे मिखाएल काइन्स्पेक यांचे ‘लिलियुम मुसिचे प्लाने’, म्हणजे ‘सरलगानाचे लिलीपुष्प’, निघाले व पुढच्याच वर्षी उल्म येथे पुन्हा छापले गेले. कलोन येथे १५०१ मध्ये निकोलाउस वोलिक यांचे ‘ओपुस आउरेउम’ प्रसिद्ध झाले. त्याचे आरंभीचे भाग सरलगानावर, तर पुढील भागांत मेल्खिओर शानपेखर यांच्या साहाय्याने तालबद्ध व अनेकस्वरी गायनाचा विचार आहे. मिलान येथील महामंदिराचे गायकप्रमुख फ्रांकिनो गाफुरियो यांनी १४९६ मध्ये ‘प्राक्टिका मुसिचे’ हा चार खंडांचा मोठा ग्रंथ दिला. त्याचा पहिला खंड सरलगानाचा आहे. १५१७ मध्ये लाइपझिग येथे आंद्रेआस ऑर्निथोपार्कुस यांचा ‘मुसिचे आक्टिवे मिक्रोलोगुस’ निघाला. जॉन डाउलंड या इंग्रज संगीतकाराने १६०९ मध्ये त्याचे भाषांतर करावे, इतकी या शेवटच्या ग्रंथाची प्रतिष्ठा टिकली.

यांतील बहुतेकांचा पाया एकच, आणि तो अकराव्या शतकातील आरेत्झोच्या ग्वीदो यांनी घातलेला. ग्वीदोंनी स्नानसंस्कारकर्त्या संत योहानाच्या एका स्तोत्राचा आधार घेतला. त्याच्या लागोपाठच्या चरणखंडांचा आरंभ एकेका चढत्या स्वरावर होतो. त्या आद्याक्षरांवरून उत, रे, मी, फा, सोल, ला ही सहा नावे आली. आपल्या वाचकांना हे सा, रे, ग, म, प, ध या क्रमाशी ताडून पाहता येईल. मी व फा यांच्यातील अर्धांतर हे ग व म यांच्यातील अंतरासारखेच. ‘उत’ हाही ‘सा’प्रमाणे कोणत्याही ठरावीक उंचीला बांधलेला नाही. फरक एवढाच की ग्वीदोंच्या पद्धतीत ‘नी’ नाही. गायन सहा स्वरांच्या बाहेर गेले की गायकाने एका स्वरषट्कातून दुसऱ्यात उडी घ्यावयाची. या उडीला ‘मुतात्सियो’ म्हणत. आणि हा सगळा वीस स्थानांचा पट डाव्या हाताच्या बोटांच्या पेरांवर मांडलेला असे. अंगठ्याच्या टोकाशी सर्वांत खालचा स्वर, मग तळहाताच्या कडेने व बोटांच्या टोकांवरून फिरत मधल्या बोटाच्या वर सर्वांत उंच स्वर. आपल्या गुरुजींनी बोटांच्या पेरांवर मोजावयास शिकविले, त्याच जातीची ही युक्ती.

गुण

या पुस्तकांकडे आज तुच्छतेने पाहण्याची प्रवृत्ती आढळते. ती आम्हांस मान्य नाही. त्यांचे तीन गुण निःसंशय आहेत.

पहिला गुण असा की ती गरीब विद्यार्थ्यासाठी लिहिलेली आहेत. ज्या मुलाला पुस्तक विकत घेणे शक्य नव्हते त्याला हात होता, आणि पाठ केलेल्या ओळी होत्या. पद्यरचना ही येथे अलंकार नव्हे, ते साधन आहे. आपल्याकडे शास्त्र श्लोकांत बांधण्याची रीत ज्या कारणाने पडली, त्याच कारणाने श्पेख्ट्सहार्टांनी षट्पदीचा आश्रय घेतला.

दुसरा गुण क्रमाचा. एक स्वर, मग दोन स्वरांतील अंतर, मग स्वरसमूह, मग स्तोत्रगानाची चाल, असा हा चढता मार्ग आहे. ग्वीदोंच्या पूर्वी गुरूच्या तोंडून ऐकून सारे भांडार मुखोद्गत करण्यास जी अनेक वर्षे लागत, त्यांत मोठी बचत झाली. अनोळखी गीत केवळ लिपी पाहून गाणारा विद्यार्थी या पद्धतीने घडविला.

तिसरा गुण म्हणजे वादाला दिलेली जागा. ही पुस्तके म्हणजे निव्वळ घोकंपट्टी असे समजणाऱ्यांनी १४८२ मध्ये बोलोन्या येथे छापलेला रामोस दे पारेखा यांचा ‘मुसिका प्राक्टिका’ पाहावा. सहा स्वरनामे अपुरी आहेत, त्याऐवजी पूर्ण अष्टकासाठी आठ अक्षरे घ्यावीत, असे त्यांनी ग्वीदोंच्या अधिकाराला न जुमानता सुचविले. १४८७ मध्ये निकोलो बुर्त्सियो यांनी ग्वीदोंची बाजू घेऊन त्यांच्यावर कठोर टीका केली; रामोस यांचे शिष्य स्पातारो यांनी १४९१ मध्ये प्रत्युत्तर दिले. सप्तकात वाढलेल्या मराठी वाचकाला रामोस यांचे म्हणणे सहज पटेल. पण येथे महत्त्व निकालाला नाही. पाठ्यपुस्तकाच्या पानावर परंपरेला प्रश्न विचारता येत होता, याला आहे.

दोष

आता दोषांकडे वळू. आठ स्वराकृतींचे प्रकरण हा या पुस्तकांचा कळस, आणि त्यांचा दोषही तेथेच उघड होतो. रे, मी, फा, सोल हे चार अंत्यस्वर. प्रत्येकाची एक उच्च व एक नीच जात. असे आठ प्रकार. प्रत्येकाचा अंत्यस्वर, पठणस्वर व विस्तारमर्यादा सांगितलेली. आपल्या प्राचीन जातिलक्षणांतील न्यास, अंश, मंद्र व तार या कल्पना येथे आठवतात. त्या तंतोतंत एक नाहीत, पण गीताला ओळखण्याची दृष्टी एका कुळातील आहे.

ही व्यवस्था पठणासाठी फार उपयुक्त आहे. स्तोत्रसंहितेतील स्तोत्राच्या आधी व नंतर येणारे ध्रुपद कोणत्या आकृतीत आहे हे कळले की स्तोत्र कोणत्या चालीवर म्हणावे हे ठरते. परंतु गीतांचे भांडार या व्यवस्थेहून पुरातन होते. कित्येक गीते एका आकृतीत सुरू होऊन दुसरीत विसावतात. कित्येकांचा विस्तार नेमून दिलेल्या मर्यादेत मावत नाही. अशा गीतांना पाठ्यपुस्तकांनी ‘मिश्र’, ‘अनियमित’ अशी नावे दिली. नाव देणे हा गुन्हा नव्हे. पण अनियमित म्हटलेले गीत काही काळाने चुकीचे वाटू लागते, आणि चुकीचे वाटलेले सुधारण्याचा मोह होतो. आपल्या संगीतशास्त्रात लक्ष्य व लक्षण असा भेद करतात: प्रत्यक्ष प्रचारातील गायन ते लक्ष्य, त्याचे वर्णन करणारा नियम ते लक्षण. लक्षणाने लक्ष्याच्या मागून चालावे. येथे ते पुढे झाले.

दुसरा दोष शब्दाविषयीच्या मौनाचा. गायन ही प्रार्थना आहे, आणि प्रार्थनेला अर्थ आहे. तथापि या पुस्तकांची पाने चाळली असता स्वरस्थानांचा हिशोब भरपूर, पण हे शब्द कोणाला उद्देशून आहेत, कोणत्या अक्षरावर भार द्यावा, कोठे श्वास घ्यावा, याविषयी त्या मानाने फार थोडे. ऑर्निथोपार्कुस यांचा अपवाद आम्ही आवर्जून नोंदवितो. त्यांनी चार खंडांपैकी तिसरा खंड उपासनेतील वाचनाच्या स्वराघातांना दिला, आणि चौथ्या खंडात गायकांसाठी दहा आज्ञा सांगताना स्वर शब्दांच्या भावाला अनुरूप असावा असे बजाविले. एकाला जे सुचले ते इतरांनाही अशक्य नव्हते.

या दोन दोषांची परिणती पुढे कशी झाली हे पाहण्याजोगे आहे. १५७७ मध्ये तेरावे ग्रेगरी यांनी पालेस्त्रीना व त्सोइलो यांच्यावर गायनपुस्तकांच्या शुद्धीकरणाचे काम सोपविले. ते त्यांच्या हातून पुरे झाले नाही. पुढे आनेरियो व सोरियानो यांनी संपादिलेली आवृत्ती रोममधील मेदिची मुद्रणालयातून १६१४ व १६१५ मध्ये निघाली. तोवर मानवतावादी विद्वानांनी लॅटिन व्याकरणाचा आग्रह धरला होता. परिणामी आघातरहित अक्षरावरील लांबलचक स्वरमाला ‘रानटी’ ठरून कापल्या गेल्या. म्हणजे ज्या शब्दाकडे दुर्लक्ष झाले होते त्याची आठवण झाली, पण ती व्याकरणाच्या मापाने. आधी आकृतीच्या नियमाने, मग व्याकरणाच्या नियमाने, दोन्ही वेळा गीताची पारख गीताबाहेरील कसोटीवर झाली. १८७० नंतर रेगेन्सबुर्ग येथील पुस्टेट यांच्या छापांनी हीच कापलेली गीते जगभर पोहोचविली. सोलेम येथील बेनेडिक्टाइन मठवासीयांनी जुनी हस्तलिखिते ताडून, १८८९ पासून त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध करून मूळ गायन उजेडात आणले. दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ च्या पत्राने त्याला पाठबळ दिले. आणि १९०८ मध्ये व्हॅटिकन ग्रादुआले निघाले. तीन शतकांनी चूक दुरुस्त झाली, आणि ती शक्य झाली याचे कारण कोणीतरी लक्ष्याची हस्तलिखिते जपून ठेवली होती.

गोव्याचे उदाहरण

आपल्या किनाऱ्यावर हीच कहाणी वेगळ्या रूपात घडली. गोव्यात १५४० च्या दशकात सेंट पॉल महाविद्यालय उभे राहिले. तेथे स्थानिक मुलांना लॅटिनबरोबर सरलगान व अनेकस्वरी गायन शिकविले जाई. १५५६ मध्ये तेथे भारतातील पहिला छापखाना सुरू झाला. पुढे धर्मग्रामांच्या शाळांतून मेस्त्री मुलांना प्रार्थना, वाचन, सोल्फ व व्हायोलिन शिकवू लागले. उत, रे, मी हे आरेत्झोचे बोल सासष्टीच्या मुलांच्या तोंडी रुळले. या शाळांची पुण्याई एवढी की विसाव्या शतकात मुंबईच्या चित्रपटसंगीतातील वाद्यवृंद गोमंतकीय वादकांच्या आधारे उभे राहिले.

त्याच सासष्टीत रायतूर येथे १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या. मुद्रण रोमन लिपीत. पण स्वरलिपीचे एकही चिन्ह नाही. त्याची गरजच नव्हती. ओवी कशी म्हणावयाची हे ऐकणाऱ्याला व म्हणणाऱ्याला ठाऊक होते. १६४९ व १६५४ मध्ये ते पुन्हा छापले गेले. त्या तिन्ही छापांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १९०७ मध्ये जोसेफ सालढाणा यांनी मंगळूर येथे जी आवृत्ती काढली ती हस्तलिखितांच्या आधारे. २७ जून १६८४ च्या फर्मानाने स्थानिक भाषेवर बंदी घालूनही हे काव्य टिकले, ते लोकांनी हाताने उतरविले व गायिले म्हणून.

येथे आमची टीका अशी आहे. एकाच धर्मग्रामात एका दालनात सोल्फ शिकविले जात होते व दुसऱ्यात ओवी गायिली जात होती. परंतु त्या दोहोंमध्ये दार काढले गेले नाही. लॅटिन गायनाला शास्त्र मिळाले, मराठी गायनाला केवळ स्मरण. ज्याला शास्त्र मिळाले ते विद्या ठरले. ज्याला केवळ स्मरण होते ते बायाबापड्यांचे म्हणणे ठरले. ही प्रतवारी ख्रिस्ताच्या शुभवर्तमानातून आलेली नाही. ती पाठ्यपुस्तकाच्या असण्या-नसण्यातून आली आहे.

भातखंडे यांचा धडा

पाठ्यपुस्तक कसे लिहावे याचा एक नमुना आपल्या भाषेतच आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९१० मध्ये संस्कृतात ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ रचले, आणि त्याच वर्षापासून ‘हिंदुस्तानी संगीत पद्धती’चे भाग मराठीत, गुरुशिष्यसंवादाच्या रूपाने, काढण्यास आरंभ केला. विद्वानांसाठी संस्कृत व शिकणाऱ्यासाठी मराठी ही त्यांची योजना आपल्याला लॅटिन पुस्तकांची आठवण देते. इबेरियातील शिक्षकांनाही हेच सुचले होते: दोमिंगो मार्कोस दुरान यांचे ‘लुक्स बेला’ सेव्हिल येथे १४९२ मध्ये, आणि मातेउस दे आरांदा यांचे सरलगानावरील पुस्तक लिस्बन येथे १५३३ मध्ये छापले गेले, ती दोन्ही लॅटिन सोडून कॅस्टिलियन भाषेत.

परंतु भातखंडे यांचे खरे वेगळेपण शीर्षकातील ‘लक्ष्य’ या शब्दात आहे. त्यांनी आधी प्रवास केला, घराण्यांच्या गायकांकडून शेकडो चिजा मिळविल्या, त्या लिपिबद्ध केल्या, आणि मग दहा थाटांची व्यवस्था मांडली. त्या दहा थाटांत सर्व राग बसत नाहीत, अशी टीका त्यांच्यावर झाली व ती निराधार नाही. तथापि चिजा छापलेल्या असल्यामुळे टीकाकाराला थाट बाजूला सारून चिजेकडे जाता येते. पाठ्यपुस्तकाची प्रामाणिकता यातच असते: स्वतःचा नियम चुकला तर वाचकाला तो ताडून पाहता यावा, इतके मूळ द्रव्य त्याच्या हाती दिलेले असावे.

आपल्यापुढील काम

आम्ही ज्या भागात सेवा करतो तो तिरोडीचा परिसर मध्य प्रदेश व महाराष्ट्र यांच्या सीमेवरचा. मँगनीजच्या खाणींमुळे येथे निरनिराळ्या गावांची व बोलींची माणसे एकत्र आली. मराठी व हिंदी येथे शेजारणी आहेत. पवारी व गोंडी कानावर पडतात. अशा ठिकाणच्या लहान मंडळीत मिस्साबलीच्या वेळी पेटीवर जी चाल आधी सापडेल तीवर गीत बसविले जाते, आणि स्तोत्रसंहितेतील स्तोत्र बहुधा नुसते वाचून टाकले जाते. चाल ओळखीची असली की शब्द हरवले तरी कोणाला खंत वाटत नाही. दुसरीकडे, वयस्क स्त्रियांच्या स्मरणात ओवीच्या व भजनाच्या अंगाने म्हटलेली प्रार्थनागीते आहेत. जाते बंद पडले तेव्हा ओवीचा रोजचा सराव सुटला. या स्त्रियांच्या मागे ती गीते कोणाच्या कंठात राहतील, हा प्रश्न पुढच्या पिढीवर सोपविण्याइतका वेळ आपल्यापाशी नाही.

म्हणून सेमिनरींनी एक लहान मराठी पाठ्यपुस्तक करावे, अशी आमची सूचना आहे. त्याचा क्रम मात्र जुन्या लॅटिन पुस्तकांच्या उलट असावा. प्रथम गीतसंग्रह: प्रत्येक सेमिनरियनने सुटीत आपल्या गावातील सर्वांत वयस्क गायिकेकडून वा गायकाकडून निदान पाच गीते, जशी म्हटली जातात तशी, नोंदवून व ध्वनिमुद्रित करून आणावीत, त्यांत सुधारणा करू नये. दुसरे, शब्द: प्रत्येक गीताचा अर्थ, विरामस्थाने व आघात विद्यार्थ्याने आधी बोलून दाखवावेत, मग गावेत. तिसरे, सरगम: स्वरनामांसाठी सहा अक्षरांचा व उड्यांचा खटाटोप नको, सप्तक आपल्या हाती आहेच. चौथे, लॅटिन सरलगानाची निदान आठ स्तोत्रचाली, सरगमात लिहून, ओवी व अभंगाच्या चालींशेजारी ठेवाव्यात. मराठी स्तोत्र त्या चालींवर कोठे सहज बसते व कोठे अडते, हे वर्गात गाऊन पाहावे. अडते तेथे शब्द मोडू नयेत, चाल सोडावी. शेवटी, आणि शेवटीच, नियम.

असे केल्याने कलम ११६ व कलम ११९ यांतील विरोध बराच ओसरेल. ग्रेगरीय गायनाचे अग्रस्थान आणि लोकपरंपरेचा मान या दोन्ही गोष्टी ज्या गुणावर उभ्या आहेत तो एकच: दोन्हीकडे सूर शब्दाचा सेवक आहे. श्पेख्ट्सहार्ट यांची चिकाटी आपण घ्यावी, रामोस यांचे धैर्य घ्यावे, ऑर्निथोपार्कुस यांची शब्दाविषयीची जागरूकता घ्यावी. त्यांचा हात मात्र त्यांच्याच पानावर राहू द्यावा. आपल्या गावच्या आजीबाई हयात असताना तिच्यापाशी बसून ऐकण्याचे काम कोणत्याही पेरावर लिहिलेले नाही. ते आपणच करावयाचे आहे, आणि ते येत्या सुटीतच सुरू व्हावे, एवढीच आमची अध्यापकबंधूंना विनंती आहे.

तिरोडी, जि. बालाघाट